बाग बाटली ते साल

आबा,

काल दादा आला होता. बाजाराचं काम आटोपून दुपारी माझ्या अंगणात टेकला, चहा बशीत ओतला आणि बशी फुंकता फुंकता एक वाक्य बोलून गेला. त्याच्या लेखी ते शेतीचं बोलणं होतं. माझ्या लेखी काय होतं, ते सांगायला हा कागद घेतला आहे. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं म्हणजे आटलेल्या विहिरीत पोहरा सोडणं, हे मलाही कळतं. पण पोहरा सोडला की निदान खडखडाट तरी होतो. तेवढ्या आवाजावर माझा हक्क आहे.

माझ्या जिभेला धार आहे असं सगळं शहर म्हणतं. आधी जावा म्हणत, नणंदा म्हणत. आता एका मासिकात माझ्या चार खवचट ओळी छापून येतात, तेव्हा ज्यांनी त्या वाचलेल्या नसतात तेही म्हणतात. ही धार कुठल्या दगडावर लागली ते मात्र कुणी विचारत नाही. तुमच्या द्राक्षाच्या बागेत लागली, आबा, आणि लावणारे तुम्हीच.

किल्ल्याखालची ती बाग मला अजून तळपायांनी आठवते, कारण तिथं पायात वहाणा घालून शिरायची कुणाची छाती नव्हती. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेली, मधून जाणारा पाण्याचा पाट, आणि परकर वर खोचून तुमच्या मागं मागं मी. दादाला बागेत न्यायचं तर आधी चिंचेवरून उतरवावं लागे. मला बागेतून काढायचं तर आईला काठी घ्यावी लागे. तुम्ही मातीची चिमूट जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. "चुना लई झाला की जीभच सांगती," म्हणायचा. मग मूठभर माती ओली करून तिची वळी वळायचा. वळी मधेच तुटली की खूश. न तुटता सापासारखी लांबत गेली की तोंड वाकडं. "ही काळी. ही कापसाला द्यावी. द्राक्ष म्हंजे नवाबाघरचं पोर हाय, पोरी. तोंडाला पाणी पायजे, पण पाय ओले झालेले खपत नाय." डोंगराच्या उताराची मुरमाड जमीन तुमची लाडकी होती. पाणी येतं, मुळीला भेटतं आणि शहाण्या पाव्हण्यासारखं निघून जातं, मुक्काम ठोकत नाही, असं तुम्ही तिचं कौतुक करायचा. मी ते वाक्य पुढं सासरच्या काही पाव्हण्यांवर वापरलं. सासूबाईंना आवडलं नाही.

काडी निवडायला तुम्हीच शिकवलंत. करंगळीएवढी जाड, सालभराची, ना कोवळी ना म्हातारी, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप सरळ. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "येड्यालाबी कळावं, पाय कोणता आन् डोकं कोणतं." तरीही दादानं एकदा अख्खी ओळ उलटी लावली. डोकी जमिनीत, पाय आभाळात. ओळ वाळून गेली. मी जीव मुठीत धरून तुमच्या तोंडाकडं पाहत होते, आणि तुम्ही खो खो हसलात. "माझा लेक वेलींना शीर्षासन शिकवतोय," असं गावभर सांगत फिरलात. ती ओळ बाटली असं तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत. ज्यानं खरोखर घोळ घातला त्याच्या वाट्याला कौतुक, ही आपल्या घरची न्यायाची तऱ्हा मी त्याच वेळी नीट पाहून ठेवायला हवी होती.

आणि रक्त. रक्ताचं मी विसरूच शकत नाही. छाटणीच्या आधी तुम्ही पाणी तोडायचा, वेलीच्या बुडाची माती ओढून मुळ्या उन्हाला उघड्या पाडायचा, आणि पानं पिवळी पडून गळाली की बुडाशी शेणखत, मीठ आणि बोकडाचं रक्त घालायचा. खाटकाकडून मडकी यायची. आई ती उंबऱ्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. दादाला वासानंच ओकारी यायची. म्हणून मडकं धरायला मी. नाकाला फडकं नाही, कपाळाला आठी नाही. मी ओतायची आणि तुम्ही म्हणायचा, "समदं एकीलाच नको पाजू. शेजारणीला राहू दे." शेजारीण म्हणजे पुढची वेल. काय माया होती तुमच्या आवाजात तेव्हा! मला वाटायचं, त्या वेलींच्या रांगेत शेवटची मी आहे.

मग ते साल आलं. आदल्या उन्हाळ्यात हैदराबादेहून एक बडे साहेब किल्ला बघायला आले होते. उतरताना घामेघूम होऊन आपल्या बागेत टेकले, काळी द्राक्षं खाल्ली, रुमालानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, पुढच्या साली मोसमातले पहिले अंगूर आमच्या दस्तरखानावर तुमच्या बागेचे पाहिजेत. बस. त्या दिवसापासून तुम्ही जमिनीवरून चालत नव्हता. ओढ्याकडचं काळं रानसुद्धा तुम्ही द्राक्षाला जोडून टाकलंत, तेच, जे कापसाला द्यावं म्हणायचा. आणि छाटणी? दसऱ्याला सोनं लुटायचं आणि मग कात्री हातात घ्यायची, ही बापजाद्यांची रीत. त्या साली पितर जेवून हात धुतात न धुतात तोच तुम्ही कात्री काढलीत. मुळ्या उघड्या पडलेल्या, आणि किल्ल्यामागं ढग असे दाटलेले की बुरूज दिसेना. बांधापलीकडच्या बागेतले चाचा तेवढे हाक मारून म्हणाले, "अजी भाई, हत्ती का पानी बाकी है अभी. काय कू घाई करते?" हस्ताच्या पावसाला ते हत्तीचं पाणी म्हणत. तुम्ही वर न बघताच उत्तर दिलंत, "पाऊस माझ्या वळखीचा हाय, मियाँ." चाचांनी डोकं हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही कात्री काढली. तुमच्या पाट्या आधी टेसनावर गेल्या तर त्यांच्या पाट्यांना कोण विचारणार? शहाण्या माणसालाही शेजाऱ्याची घाई लागते.

आपल्या छाटणीच्या सकाळी मी नेहमीसारखी मडकं घेऊन बुडाबुडाशी फिरले. मग तुम्ही कापत गेलात आणि मी काड्या वेचत गेले. दिवस वर आल्यावर आई भाकरी घेऊन आली. माझ्या पाठीमागं आली आणि एकदम थांबली. तिनं माझं मनगट धरलं. "चल. बोलू नको. मागं बघू नको." मला वाटलं, परकरावर विंचू चढला आहे. तिनं मला गोठ्याशेजारच्या पडवीत नेऊन बसवलं, जुनं धुडकं दिलं आणि सांगितलं, आता तू मोठी झालीस. मोठी झाले म्हणून मला गोठ्यात बसवलं, हे मला काही केल्या उलगडेना. मोठ्या झालेल्या दादाला तर तुम्ही पागोटं दिलं होतं.

आणि हत्ती आला. सोंडेचा शिडकावा देऊन गेला नाही, चारी पाय रोवून उभा राहिला. उघड्या मुळ्यांची आळी डबक्यांसारखी भरली. काळ्या रानात तर पायच निघेना. नवी फूट आली ती तशाच ढगाळ, दमट हवेत. पानांवर तेलकट बोट लागल्यासारखे पिवळे डाग, पान उलटावं तर खाली पांढरी बुरशी, जसा कापूस पिंजून चिकटवलाय. मग फुलोऱ्यातले घड तपकिरी होऊन वाळत गेले. केवडा! रोगाला फुलाचं नाव देऊन आपण मोकळे होतो, आणि त्या फुलाचा वास कुणाच्या तरी अंगाला येतो असं म्हणायलाही मोकळे होतो.

आईनं घाबरून तुम्हांला सांगितलं, पोर त्या दिवशी बागेत तशी होती. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसली होती. चाचाही होते. तुम्ही मांडीवर हात आपटून म्हणालात, "बाग बाटली." मी दाराआड उभी. तोवर मला बाटली एकच ठाऊक होती, हकिमाच्या काढ्याची. सगळी बाग बुचासकट बाटलीत शिरलेली माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मला फिसकन हसू आलं. तुम्ही उठून आलात आणि माझ्या थोबाडीत मारलीत. तुमचा हात मला त्याआधी कधी लागला नव्हता. माझ्या शब्दांवरच्या कोटीला मिळालेला तो पहिला मोबदला. आता मासिकवाले यापेक्षा बरं वागतात.

चाचा मात्र गप्प बसले नाहीत. "भाई, केवडा तो मेरे बाग में बी गिऱ्या. मेरे घर में कौन सी बच्ची है जी? मेरे कू तो सब छोरेच छोरे हैं."

तुम्ही म्हणालात, "वारं इकडून तिकडं जातंया, मियाँ."

"तो फिर हवा कू ससुराल भेजो!" चाचा म्हणाले, आणि वहाणा पायात सरकवून निघून गेले.

हवेचं लग्न झालेलं नव्हतं. माझं लहानपणीच झालेलं होतं. पाठवणी आज ना उद्या होणारच होती, पण लेकीला पाठवतात तशी ती झाली नाही. चोराला शिवेबाहेर घालवावं तशी झाली. माझ्याआधी माझी कीर्ती सासरी पोचली. सासूबाई मला लोणच्याच्या बरणीपासून, तुळशीपासून, पापडाच्या पिठापासून लांब ठेवत, त्या चार दिवसांतच नव्हे, बाकीचे दिवससुद्धा, कारण "हिनं उभी बाग खाल्लीय." माहेरी आले तरी बागेच्या फाटकापाशी माझी वाट संपायची. उरलेल्या दिवसांतही नाही, सणालाही नाही. तुम्ही आतून टोपली भरून पाठवायचा. द्राक्षं गोड असायची, हेच तर वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या सालापासून बाग पहिल्यासारखी लागली होती. लोक म्हणत, बघा, पोरगी गेली आणि बागेला गुण आला.

आता सांगा मला. बोकडाचं मडकंभर रक्त मुळाशी ओतलं की वेल पुष्ट होते. ते बोकड कुठलं, कुणी कापलं, कुणी विचारत नाही. आणि लेकीच्या परकरावरच्या डागानं, मुळापासून चार हात लांबून, आख्खी बाग जळते. म्हणजे रक्ताला तुमची हरकत नव्हती. ते कापून काढलेलं असावं, आपोआप आलेलं नसावं, एवढंच तुमचं शास्त्र. कधी वाटतं, त्या सकाळी कुणाच्या रक्तानं काय केलं हे वेलींनाच विचारायला हवं होतं. ओट्यावरच्या पंचांपेक्षा त्यांना जास्त कळलं असतं.

पहिल्या बाळंतपणाला आई आली, तेव्हा तिच्या गाठोड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी होती. आपल्या काळ्या द्राक्षाची, चार डोळ्यांची, खालचा काप तिरपा. काप इतका बेताचा होता की मी पुढं कित्येक वर्षं मनात धरून होते, ही तुम्हीच दिली असणार. बोलायचं नव्हतं म्हणून काडी पाठवली असणार. बाप लोक असेच असतात, वगैरे. कथेत शोभेल असं सगळं मी स्वतःच रचलं. शेवटी एकदा आईला विचारलंच. आई म्हणाली, "त्यांनी? बाई बाई! मी चोरली. ते जेवत होते." असो. चोरलेली काडी चांगली जगते म्हणतात, आणि ती जगली.

डोंगराकडचा मुरूम गाढवांवरून आणवून मी अंगणातल्या मातीत मिसळला. नहरीचं, शहरातल्या कालव्याचं, पाणी घालते, पण तोलून. वळी तुटते का ते अजून पाहते. आणि त्या वेलीला मी महिन्याचे सगळे दिवस हात लावला, आबा. ते चार दिवस तर मुद्दाम. छाटणी त्यात आली तर त्यात केली. दर साली मांडवाला घड लोंबतात. शेजारच्या बायका नेतात, तुमच्या जातीच्या, रीतीच्या, सोवळ्याच्या बायका, आणि कुणाला काही होत नाही. एका साली भुरी पडली, पानांवर राख फुंकल्यासारखी. मी मांडवाखाली अंग आखडून बसले. मनात म्हटलं, झालं, आबा जिंकले. मग पंसाऱ्याकडून गंधक आणलं, फडक्यात बांधून वेलीवर झटकलं, आणि भुरी गेली. गंधकानं विटाळ फिटतो, ही गोष्ट शास्त्री मंडळींनी पोथीत घालून घ्यावी.

इतकं करून मी तुम्हांला माफ केलं होतं. खरंच. म्हटलं, त्यांना तसं मनापासून वाटलं. ते ज्या समजुतीत वाढले तिच्यापलीकडं त्यांना दिसलं नाही. आंधळ्यानं पाय दिला म्हणून त्याच्याशी कुणी भांडतं का? हे मी मनाशी इतके वेळा म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. आणि काल दादा मांडवाकडं मान वर करून पाहतो आणि म्हणतो, "बाई, कात्री एवढ्यात लावू नको हां. आबांचा नेम ठाव हाय ना? हस्त सरल्याबिगर छाटणी नाय."

मी म्हटलं, "हा नेम कधीपासून?"

"त्या केवड्याच्या सालापासून. मला बांधावर उभं करून आण घातली. म्हणाले, माझी घाई नडली. त्या साहेबाच्या शब्दापायी मी ढग बघितलं नाय. काळं रानबी मोडलं लगोलग."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काय नाय." त्यानं बशी तोंडाला लावली. "कुणाला बोलू नको म्हणाले."

माझी घाई नडली. हे तीन शब्द तुमच्या तोंडून निघू शकत होते तर! तुम्हांला ठाऊक होतं. पहिल्यापासून, केवडा पडला त्या सालापासून. तुम्ही आंधळे नव्हता. तुम्ही तारीख बदललीत, जमीन बदललीत, लेकाला आण घातलीत. बागेची एकेक चूक हुडकून दुरुस्त केलीत. फक्त मी दुरुस्तीच्या कामात कुठं बसत नव्हते. लोक "पोरगी गेली आणि बागेला गुण आला" म्हणत होते, तेव्हा तुम्ही तिथंच बसलेला असायचा, पागोटं काढून, मान डोलवत. गुण कशानं आला हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक दादा, ज्याला यात माझा काय संबंध ते कधी कळलंच नाही. आणि मी त्या फाटकाशी उभी राहून तुमच्या टोपलीतली द्राक्षं खात होते. अज्ञानाची मी कीव केली असती. तुम्ही मला तेवढीही सोय ठेवली नाहीत. तुमचा आब राखायला कुणीतरी लागत होतं आणि मी हाताशी होते, गोठ्याच्या पडवीत, आयती.

दादावर मला चिडता येत नाही. तो बोलवायलाच आला होता. चहा संपल्यावर कितीतरी वेळ त्यानं मिशी ओढली, मांडवाचा खांब निरखला, आणि खांबालाच म्हणाला, "औंदा छाटणीला ये की बागेत. तुझी वहिनी म्हणत व्हती... म्हंजे, आता तुझं वय झालं. ते समदं सरलं असंल. आता काय हरकत नाय."

पाहिलंत? फाटक उघडलं. पिकलेल्या केसांचा परवाना घेऊन मला आत यायची मुभा. मी निर्दोष म्हणून नव्हे, निकामी झाले म्हणून. त्याच्या डोळ्यांत माया होती, हे खरं, म्हणून मी शांतपणे बोलले. म्हटलं, "दादा, सरलं नाही अजून. दर महिन्याला आहे. न्यायची तर अशीच ने."

तो पार लाल झाला. पन्नाशीचा बाप्या, नातवंडांचा आजा, परकरातल्या पोरीसारखा लाल. मग म्हणाला, "मला हल्ली डाव्या कानानं ऐकू येत नाय."

"मी उजवीकडं बसलेय."

"मग उजव्यानंबी नाय." उठला, उपरणं झटकलं. दारापर्यंत गेला आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच बोलला, "हस्त सरला की गाडी धाडतो. हातात कात्री तुझी आण. माझी बोथट हाय."

तर मी जाणार आहे. तुमच्या वेलींना हात लावणार आहे, आणि दादाला जे ऐकू आलं नाही ते त्याला पुरतं ठाऊक असताना लावणार आहे. हा कागद कुठं धाडायचा नाही. तुमच्या आताच्या गावाला टपाल जात असतं, तरी तुम्ही वाचून कुणाला बोलू नको म्हणाला असता.

फक्त एक, तुमच्यापुरतं. दादाशी मी खोटं बोलले. गेल्या उन्हाळ्यातच सगळं सरलं. तुमच्या हिशेबानं मी आता शुद्ध आहे, आबा, आणि हे मी त्याला मरेपर्यंत कळू देणार नाही.